आमचे मुंबापुरीदर्शन व तदनुषंगिक मत्स्यप्रकरण

मलकापूर, शनिवार, १६ डिसेंबर १९६१

महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन दीड वर्ष उलटले. आमची राजधानी त्याआधीच नागपुराहून उठून मुंबईस गेली. तथापि तिने आमचे, वा आम्ही तिचे, दर्शन अद्याप घेतलेले नाही. दोष कोणाचा, हे इतिहास ठरवील. औदार्य मात्र प्रथम आम्ही दाखवावे, असे आज भोजनसमयी ठरले. नाताळच्या सुट्टीत सहकुटुंब मुंबापुरीचे अवलोकन करावे, ही कल्पना माझी. सौभाग्यवतीने ती गेल्या महिन्यात दोनतीनदा उच्चारली होती. परंतु उच्चार आणि कल्पना यांत भेद आहे.

एवढ्या मोहिमेची दैनंदिनी नसावी हे अशोभनीय, म्हणून आजपासून आरंभ. हिच्यात सत्यच लिहीन, कारण ही कोणी वाचणार नाही.

मोहिमेचे घटक चार. पैकी प्रथम मी, नारायण विष्णू टाकळीकर, येथील एका हायस्कुलात संस्कृताचा अध्यापक. द्वितीय, सौ. अन्नपूर्णा. तृतीय, माझी ज्येष्ठ भगिनी रुखमाबाई, जी वैधव्यानंतर आमच्याकडेच असते आणि जिला अर्धे मलकापूर आक्का म्हणते. चतुर्थ, आमची एकुलती कन्या शैलजा, बी. ए. झालेली, कन्याशाळेत शिकविते.

शैलजेस तेविसावे लागले. आजवर तीन स्थळे आली आणि गेली. आपल्याकडे वरपक्षाने मुलीस चालून दाखव, वाचून दाखव असे म्हणण्याची रानटी रीत आहे. ती मी आमच्या घरापुरती उलटी केली असून येथे परीक्षा वराची होते. प्रश्न एकच आणि तोही न्यायशास्त्रातला अगदी बाळबोध: पर्वतावर धूर दिसतो, त्यावरून काय समजावे? अकोल्याचा बँकवाला म्हणाला, बंबवाल्यांना कळवावे. जळगावचा म्हणाला, धुके असेल. तिसरा, खामगावचा, बराच वेळ घाम पुसून म्हणाला की आपण म्हणाल ते. अशा हाती कन्या कशी द्यावी? सौभाग्यवती म्हणते, यंदा काहीही झाले तरी वैशाख चुकवायचा नाही. तिच्या स्वरात अलीकडे लोहाचा अंश वाढला आहे.

चौथे स्थळ दिवाळीत सौभाग्यवतीचा बंधू वैजनाथ घेऊन आला. तो मुंबईस सचिवालयात कारकून. ‘भाऊजी, मुलगा हुशार आहे, सरकारी नोकरी आहे, मत्स्यविभागात’ एवढे शब्द त्याच्या मुखातून बाहेर पडले आणि मी हात वर केला. नाव, गाव, गोत्र काहीही ऐकले नाही. उठून संध्येस बसलो. संध्या त्यापूर्वी झाली होती. त्या दिवशी ती दोनदा झाली.

हा मत्स्यविभाग मोठा चिकट दिसतो. गेल्या पावसाळ्यात त्याचा कोणी अधिकारी तालुक्यातील तलावांत माशांची पिले सोडावयास आला असता कन्याशाळेत त्याचे व्याख्यान झाले म्हणे. मी अर्थात गेलो नाही. शैलजेने मात्र त्या व्याख्यानाचे टिपण अजून ट्रंकेत जपून ठेवले आहे. ज्ञानलालसा ही तिला माझ्याकडून आली.

सायंकाळनंतर माझी दृष्टी मंदावते. तेव्हा शैलजा वाचते आणि मी ऐकतो. ही व्यवस्था काही वर्षे निर्वेध चालू आहे. हे येथे का लिहिले, ठाऊक नाही.

२२ डिसेंबर

बांधाबांध. दशम्या, तिळाची चटणी, ठेचा, फिरकीचा तांब्या, दोन वळकट्या. सौभाग्यवतीने शैलजेचे मोरपंखी लुगडे ट्रंकेत सर्वांत वर ठेवले. मी म्हणालो, मुंबईच्या धुरात ते खराब होईल. ती म्हणाली, होऊ द्या.

आक्काच्या हाती पितळेचा एक डबा आहे व तो ती कोणास देत नाही. चौकशीअंती उलगडा झाला. शैलजेचे लग्न ठरावे म्हणून तिने नेम धरला आहे: कागदाच्या चिंधीवर रामनाम लिहावयाचे, ती कणकेच्या गोळीत वळावयाची व माशांना घालावयाची. गावच्या बारवेचा गाळ उपसताना तिथले मासे संपले. सबब नेम अर्धा राहिला. उरलेल्या गोळ्या ती समुद्रास नेणार. मी विचारले, समुद्राला मलकापूरच्या कणकेची काय मातब्बरी? तिने उत्तर दिले नाही. तिने मला अंगाखांद्यावर खेळविले असल्याने माझ्या प्रश्नांना उत्तर देण्याची सवय तिला कधी लागलीच नाही.

दादर, २४ डिसेंबर

पोचलो. वैजनाथाच्या दोन खोल्यांत आता सहा माणसे व आमचा आत्मसन्मान असे राहतो. वैजनाथ फलाटावर आला तेव्हा त्याचा चेहरा परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यासारखा होता. त्याची पत्नी प्रेमला सौभाग्यवतीस स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दोघी बराच वेळ कुजबुजत होत्या. मी आत डोकावताच त्या भोपळ्याविषयी बोलू लागल्या.

रात्री पर्यटनाचा कार्यक्रम ठरला. मी तयार करून आणलेल्या क्रमात वस्तुसंग्रहालय अग्रस्थानी होते. ते कसे कोण जाणे मागे गेले, आणि मंगळवारी मत्स्यालय असे ठरले. सरकारने काचेच्या पेट्यांतून जिवंत मासे ठेवले आहेत म्हणे. मी निषेध नोंदविला. आक्का म्हणाली, “नारायणा, खायाले थोडीच चाललो आपण? पाहाले चाललो.” विचारांती मला यात तथ्य आढळले. दर्शनं न भोजनम्. हे सूत्र मी तत्क्षणी रचून सर्वांस ऐकविले व निषेध मागे घेतला.

२५ डिसेंबर

प्रातःकाळी ट्रामगाडीने कोटाकडे प्रस्थान. ट्राम हे वाहन मला मनापासून आवडले. ते आपल्या मार्गावरून ढळत नाही, घाई करीत नाही आणि येताना घंटा वाजविते. उत्तम अध्यापकाची सर्व लक्षणे त्याच्यात आहेत.

या नगरीत इतक्या प्रांतांचे, पंथांचे व पगड्यांचे लोक एकत्र नांदतात की त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न साहजिक उद्भवतो. माझा सिद्धांत असा की सर्व भारतीयांना जोडणारी भाषा संस्कृतच होय. प्रयोगार्थ मी शेजारच्या पारशी सद्गृहस्थास विचारले, “भोः, समुद्रद्वारं कुत्र वर्तते?” त्यांनी मला परदेशी समजून इंग्रजीत, अत्यंत सावकाश, हातवारे करून उत्तर दिले. समोरचा मद्रासी तरुण कपाळावर भस्म ल्यालेला होता, म्हणून मोठ्या आशेने त्याच्याकडे वळलो. त्याने हात जोडले आणि उठून मला आपली जागा दिली. अखेर कंडक्टरने मला विचारले, “आजोबा, मराठी येते काय?” मराठी येते, हे मला महाराष्ट्राच्या राजधानीत सांगावे लागले. ‘आजोबा’ या संबोधनाचा परामर्श येथे घेत नाही.

गेटवेची कमान भव्य आहे. इतक्या मोठ्या दारास घर मात्र नाही. समुद्र पाहून आक्काने डोळे मिटून हात जोडले व डबा उघडला. परंतु भरती जोरात, कठड्यावर गर्दी, गोळ्या घालणे जमले नाही.

शेंगदाणेवाल्याजवळ एक चष्मेवाला तरुण उभा होता. आम्हांस पाहताच त्याच्या हातची पुडी खाली पडली. तो बराच वेळ ते दाणे वेचीत राहिला व वेचीत वेचीत आमच्याकडेच पाहत राहिला. मुंबईची माणसे एका दाण्याची किंमत जाणतात, हे पाहून संतोष वाटला. शैलजेने पदर नीट केला. वारा फार होता.

२६ डिसेंबर

आजचा दिवस सविस्तर लिहिला पाहिजे.

मत्स्यालयात प्रवेश केला तेव्हा मी नाकाला उपरणे लावण्याची सिद्धता केली होती. पण दुर्गंध नव्हता. अंधाऱ्या दालनात उजळलेल्या काचा आणि त्यांमागे नाना वर्णांचे, नाना आकारांचे जलचर. काही मासे पाहून मला आमच्या शाळेतील सहकाऱ्यांचे स्मरण झाले. एक तर हुबेहूब हिंमतराव. तेही असेच तोंड उघडतात आणि त्यांतून काही निघत नाही. मी मनातल्या मनात मत्स्यावतारावर एक लहानसे प्रवचन जुळवीत होतो.

मध्यभागी कासवांचे व माशांचे एक उघडे टाके होते. तेथे गलका झाला म्हणून गेलो. आक्का टाक्याच्या काठावर मांडी घालून बसली होती, डबा उघडा होता आणि ती शांतपणे एकेक गोळी आत सोडीत होती. पहारेकरी तिच्या डोक्यावर उभा राहून ओरडत होता, “ओ माई, क्या डालता है? बंद करो.”

आक्का मान वर न करता म्हणाली, “काऊन बे, ओरडतं काय? देवाचं नाव घालून राह्यली, जहर नाही.”

मी पुढे होऊन पहारेकऱ्यास समजाविले की प्रलयकाळी वेदांचे रक्षण मत्स्यरूपानेच झाले असून त्याच्या टाक्यात रामनाम पडणे हा त्याच्या विभागाचा गौरव आहे. त्याने माझे प्रवचन पूर्ण ऐकले आणि शिट्टी वाजविली.

आतून एक अधिकारी धावत आला. चष्मेवाला तरुण. कालच्या दाणेवेचकासारखाच दिसत होता. या नगरीत सर्व चष्मेवाले सारखेच दिसतात. आम्हांस पाहून त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला, मग परत आला. वास्तविक तो आम्हांस बाहेर घालवू शकला असता. तसे न करता तो आक्काजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, “आक्का, अजून किती उरल्यात?” आक्का हे नाव त्यास कसे कळले? वृद्धेस पाहून योग्य संबोधन आपोआप स्फुरणे, हे उत्तम संस्काराचे द्योतक होय.

त्याने तिला सांगितले की समुद्रातल्या माशांना कणीक बाधते, पोटे फुगून मरतात. आक्काचा हात थबकला. तिचे तोंड एवढेसे झाले. नेम पुरा करावयास आली आणि हत्या लागली, असे काहीसे ती पुटपुटली. तेव्हा तो म्हणाला, “पण आत रोहू आहे. तो नदीतला. आपल्याकडचा. तो खाईल की.” आणि तो आम्हा सर्वांना मागील दालनात घेऊन गेला, जेथे सामान्य जनांस प्रवेश नसतो. रोहू मोठा गंभीर प्राणी आहे. त्याने एकेक गोळी अशी स्वीकारली, जणू दक्षिणा. शेवटची गोळी संपेपर्यंत तो तरुण तेथेच उभा राहिला. मग त्याने आक्काच्या हातांवर स्वतः पाणी घातले. आक्का डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “सुखी राह्य बाबा. बायको मिळो तुले चांगली.” हे ऐकून सौभाग्यवतीला ठसका लागला व शैलजा दुसऱ्या पेटीतील खेकड्याकडे टक लावून पाहू लागली.

नाव रमाकांत दाभाडकर. मूळचे नाशिकचे. मी सवयीने गोत्र विचारले, अत्रि. आमचे भारद्वाज. मनात आले, काही अडचण नाही. अडचण कशास नाही, हे मात्र मनात आले नाही.

मी त्यास मत्स्यावताराचे प्रवचन पुनश्च, या वेळी संपूर्ण, ऐकविले. त्याने मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. फक्त शैलजेकडे दोनतीनदा पाहिले, बहुधा ती ऐकते आहे ना याची खात्री करून घेण्यासाठी. परतताना मी वैजनाथास म्हणालो, तुझा तो दिवाळीचा मत्स्यविभागीय आणि हा, यांत केवढे अंतर! वैजनाथ म्हणाला, “हो ना, भाऊजी.” आणि पुढे दादरपर्यंत तो ट्रामच्या खिडकीबाहेर तोंड करून हसत होता. त्याचे काय चालले होते, कळले नाही.

२८ डिसेंबर

घारापुरीची लेणी. लाँचवर चढतो तो रमाकांत. त्याची नेमकी आजच रजा होती आणि नेमके याच लाँचचे तिकीट. मी म्हणालो, हा दैवी योगायोग आहे. सौभाग्यवती म्हणाली, “हो, दैवीच.”

समुद्राने माझ्याशी जो व्यवहार केला त्याचे वर्णन दैनंदिनीच्या प्रतिष्ठेस साजणार नाही. एवढेच लिहितो की सकाळच्या दशम्या रोहूच्या गोत्रजांना अर्पण झाल्या आणि त्या वेळी माझे मस्तक रमाकांताने धरले होते. बेटावर उतरल्यावर मी एका झाडाखाली आडवा झालो. आक्का व सौभाग्यवती माझ्या उशापायथ्याशी बसल्या. लेणी पाहण्यास शैलजा आणि रमाकांत हेच काय ते गेले. विद्येसाठी कोणी तरी गेलेच पाहिजे होते.

दोन तासांनी ती दोघे परतली. मी त्रिमूर्तीचे वर्णन मागितले. शैलजा म्हणाली, फार भव्य आहे. मी विचारले, दक्षिणेकडील मुखाचा भाव कोणता? ती म्हणाली, शांत. त्याच क्षणी रमाकांत म्हणाला, उग्र. मग दोघांनीही आपापले उत्तर बदलले. मी खोलात शिरलो तेव्हा असे निष्पन्न झाले की लेण्यात कबुतरे पुष्कळ आहेत. त्रिमूर्तीस मुखे किती, हेही मी विचारणार होतो; पण पुन्हा लाँचचा भोंगा झाला आणि माझा जिज्ञासेचा भाव ओसरला.

२९ डिसेंबर

आज सकाळी एक विचार माझ्या मनात अवतरला. मी तो तत्काळ सौभाग्यवतीस सांगितला. ती तांदूळ निवडीत होती. मी म्हणालो, आपण उगाच अकोला, जळगाव धुंडाळीत बसलो. हा रमाकांत शैलजेस कसा वाटतो?

तिचे हात थांबले. ती म्हणाली, “मासे?”

मी म्हणालो, मासे मारणे वेगळे, माशांचा अभ्यास वेगळा. ती म्हणाली, लोक काय म्हणतील? मी तिला मत्स्यगंधेचा दाखला दिला. जिच्या उदरी व्यास आले तिच्या गंधास नाक मुरडणारे लोक कोण? ती म्हणाली, तुम्हीच तर दिवाळीत उठून गेले होते. मी म्हणालो, तो निराळा मनुष्य, हा निराळा. मी इतके प्रभावी मंडन क्वचितच केले असेल. स्वयंपाकघराच्या दाराआड प्रेमला व आक्का श्रोत्या म्हणून उभ्या होत्या.

तेव्हा सौभाग्यवतीने अखेरचा आक्षेप काढला. “आन इतक्या दूर द्यायची पोरगी? मुंबईले?”

या आक्षेपाचे खंडन मला सुचले नाही. खरे लिहावयाचे तर मी खिडकीपाशी गेलो आणि खाली भाजीवाल्याकडे पाहत राहिलो. तोच मागून तिचा स्वर आला, घाईघाईचा: “तसं मेल थेट आहे म्हणा. रात्री बसलं का सकाळी गाव. काही दूर नाही.” प्रतिपक्षाने आपल्याच आक्षेपाचे इतक्या त्वरेने खंडन केलेले मी प्रथमच पाहिले.

विजय माझाच झाला. वैजनाथ निरोप घेऊन गेला. उद्या संध्याकाळी मुलाच्या आईस घेऊन येतील. इतक्या अल्पावधीत त्या नाशिकहून कशा येणार, असे विचारता कळले की त्या पाच दिवसांपूर्वीच आल्या आहेत.

३० डिसेंबर

लेखणी हाती घेतली आणि ठेवली, असे दोनदा झाले.

रमाकांत व त्याच्या मातोश्री गीताबाई वेळेवर आले. बाई साध्या, बोलण्यास कमी. शैलजा मोरपंखी लुगड्यात होती. चहा आला. मी घसा साफ केला आणि प्रश्न ठेवला: पर्वतावर धूर दिसतो.

रमाकांत म्हणाला, “धुरावरून आग ओळखता येते, हे खरं. पण माझं काम पाण्याखालचं. तिथं धूर निघत नाही. मला बुडी मारूनच पाहावं लागतं.”

उत्तर निर्दोष होते. अनुमानाहून प्रत्यक्ष श्रेष्ठ, हेच तर शास्त्र सांगते. वास्तविक मी येथे थांबावयास हवे होते. आजवर कोणी उत्तीर्ण झाला नव्हता, त्यामुळे उत्तीर्ण झाल्यावर काय करावयाचे, याची माझ्याकडे योजनाच नव्हती. मी दुसरा प्रश्न विचारला. त्याने उत्तर दिले. तिसरा विचारला. त्याला येत नव्हते. त्याने येत नाही म्हणून सांगितले. मग मी चौथा काढला, आणि पाचवा जुळवू लागलो. चहा निवला. गीताबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. सौभाग्यवती माझ्याकडे पाहत होती; रागाने नव्हे, हे विशेष.

शैलजा दारापाशी उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, “नाना, तुम्ही सगळ्या पोरांना विचारलं. मले एकदाही नाही विचारलं.”

मी म्हणालो, “तुला काय विचारायचे?”

“मले काय पाह्यजे ते.”

तिने हे हळू म्हटले. आक्का मान खाली घालून बसली होती. मी तिच्याकडे पाहिले, वैजनाथाकडे पाहिले. कोणी माझ्या साहाय्यास आले नाही. माझ्या जवळचे सर्व संस्कृत त्या क्षणी कोठे गेले होते, मला सांगता येणार नाही. मी विचारले, “तुले पसंत आहे का हा?”

“हो, नाना. पावसाळ्यापासून.”

त्यापुढे मला प्रश्न उरला नाही. उरले असतील, पण ते रमाकांतास विचारण्यासारखे नव्हते. मी गार झालेला चहा प्यालो आणि म्हणालो, वैशाखात मुहूर्त पाहू.

‘पावसाळ्यापासून’ या शब्दावर नंतर पुष्कळ विचार केला. त्यातून काही निष्कर्ष निघू शकतात. परंतु निर्णय सर्वांस सुखाचा लागल्यावर प्रमाणांची फेरतपासणी करीत बसणे, हे नैयायिकाचे काम असेल, बापाचे नव्हे.

३१ डिसेंबर

वस्तुसंग्रहालय राहिले होते. वैजनाथ म्हणाला, चला, आज जाऊ. मी म्हणालो, त्याऐवजी माटुंग्यास जाऊ; रमाकांताची जागा पाहावयाची आहे.

दुसरा मजला, दोन खोल्या. मी त्यांचे निरीक्षण इतिहाससंशोधकाच्या तन्मयतेने केले. भिंतीवर ओल आहे काय ते हाताने चाचपून पाहिले, नाही. खिडकी पूर्वेस. तिच्यातून रस्ता दिसत नाही, पण आभाळाचा एक तुकडा व कोणाच्या तरी गच्चीतली तुळस दिसते. नळ पहाटे पाचला येतो. तो खरोखर येतो काय, हे पाहण्यास मी उद्या पहाटे पुन्हा येऊ काय, असे विचारले; रमाकांत म्हणाला, अवश्य या.

शेजाऱ्यांची भेट घेतली. उजवीकडे तमिळ कुटुंब. बाई पाट्यावर काही वाटीत होत्या, त्यांनी मला न विचारता वाटीभर गरम कॉफी आणून दिली. डावीकडे सिंधी कापडवाले. समोर गोव्याचे ख्रिस्ती बँडवाले. त्यांच्या दारावर नाताळचा तारा अद्याप टांगलेला. ‘गोवा आपलं झालं’, असे सांगताना त्यांच्या वृद्ध पित्याने माझे दोन्ही हात धरून हलविले. तळमजल्यावर पारशी डॉक्टर. पाण्यावरून चार भाषांत भांडण होते आणि हिंदीत समेट होतो, असे कळले. तमिळ बाईंना मी खुणेने विचारले की माझी मुलगी येथे राहावयास आली आणि एखादे दिवशी आजारी पडली तर? त्यांना भाषा कळली नाही. पण त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला, मग शैलजेच्या भावी दाराकडे बोट दाखविले. या संवादात संस्कृताची गरज भासली नाही.

निघताना दाराची कडी दोनदा लावून पाहिली. घट्ट बसते.

मलकापूर, २ जानेवारी १९६२

आज शाळा उघडली. शिक्षकांच्या खोलीत सर्वांनी मला घेरले. मोहिमेपूर्वी मी जाहीर केले होते की परतल्यावर मुंबापुरीवर व्याख्यान देईन. गाडीत त्याची रूपरेषा योजिली होती: सागर, द्वार, शिल्प, व्यापार आणि लोकवैचित्र्य, असे पाच खंड, प्रत्येकास एकेक समासयुक्त शीर्षक.

उभा राहिलो आणि बोलू लागलो. बोलता बोलता लक्षात आले की मी माटुंग्याचे सांगतो आहे. नळ पाचला येतो. जिना अंधारा नाही, मधल्या वळणावर दिवा आहे. भाजी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ताजी. शेजारीण भली आहे. कडी घट्ट बसते. मुंबईस जाणारी मेल मलकापुरास रात्री उभी राहते आणि स्त्रियांचा डबा इंजिनापासून तिसरा असतो, हे मी स्टेशनमास्तरांकडून खात्री करून घेतले आहे. यावरही थोडे बोललो असेन.

हिंमतराव भूगोल शिकवितात. त्यांनी शेवटी न राहवून विचारले, “मास्तर, ते गेटवे, लेणी, मोठमोठ्या इमारती, ते काऊन सांगून नाही राह्यले तुम्ही? मुंबई पाहून आले का कोणाची खोली पाहून आले?”

मला उत्तर द्यावयाचे होते. एक सूत्रही जुळत होते. ते बाजूला ठेवले.

“पोरगी देऊन आलो, हिंमतराव.”